नको म्हणायची मुभा

दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी मी एक हिरवा रुमाल घेऊन जमिनीवर बसायचे. रुमालाला गाठ आधीच मारलेली असायची. तो गोल दोन्ही हातांत धरायचा, गोधडीच्या मानेच्या उंचीवर, आणि गप्प बसून राहायचं. हाक मारायची नाही, खाऊ दाखवायचा नाही, 'ये ना गं राणी' म्हणून लाडीगोडी लावायची नाही. मग ती जिथे असेल तिथून उठायची, आळस द्यायची, रुमाल हुंगायची आणि आपणहून त्यात डोकं घालायची. तिने डोकं घातलं की आम्ही निघायचो.

गोधडी माझी कुत्री. अंगावर काळे, तपकिरी, पांढरे तुकडे असे बसलेत की वाटावं, कुणीतरी घरातले जुने कपडे जोडून तिला शिवली असावी. जातकुळी विचाराल तर सांगता येणार नाही. सहा वर्षं ती माझ्याबरोबर लोकांना भेटायला येत होती. पक्षाघातातून किंवा अपघातातून उठलेली माणसं जिथे पुन्हा चालायला, बोलायला शिकतात असं एक पुनर्वसन केंद्र, विशेष मुलांची एक शाळा आणि वृद्धांचं एक शुश्रूषागृह, अशा आमच्या तीन जागा होत्या. या कामाला 'प्राणी-साहाय्यित उपचार' असं भारदस्त नाव आहे. आम्ही स्वयंसेवक आपसात 'भेटीला जाणं' एवढंच म्हणायचो.

या सहा वर्षांबद्दल लिही, असं बरेच जण म्हणाले. त्यांना कोणती गोष्ट हवी असते तेही मला ठाऊक आहे. कधीच न बोलणारं मूल कुत्र्याच्या गळ्यात पडतं आणि पहिला शब्द उच्चारतं, ती. तशा गोष्टी इतरांकडून मी ऐकल्या आहेत. माझ्यासमोर तसं काही घडलं नाही. माझ्यासमोर जे घडलं ते 'नको' या शब्दाभोवती घडलं आणि तेच मला लिहावंसं वाटतं.

सुरुवातीला माझा हिशोब सोपा होता. गोधडीकडे माया भरपूर, आजारी माणसांना मायेची गरज, तेव्हा इकडचं उचलून तिकडे द्यायचं. ज्या संस्थेत आम्ही नाव नोंदवलं तिथल्या प्रशिक्षक बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "घरी पाहुणे आले की ही काय करते?"

"कुणालाही हात लावू देते," मी अभिमानाने सांगितलं.

"लावू देते, की लावून घ्यायला जाते?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन मी दोन आठवडे नुसती पाहत राहिले. जमिनीवर किंवा खुर्चीत शांत बसलेल्या माणसाजवळ ती आपणहून जायची, त्याच्या गुडघ्याला अंग टेकवून उभी राहायची. पण कुणी उभ्या उभ्या वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला की ती मान बाजूला वळवायची, ओठांवरून जीभ फिरवायची आणि तो हात उचलला जाईपर्यंत थांबून राहायची. ते थांबणं मी इतकी वर्षं लाड समजत होते. तीन वर्षं आम्ही एका छपराखाली राहत होतो आणि सहन करणं कुठे संपतं, आवडणं कुठे सुरू होतं, हे मला माझ्याच कुत्रीबद्दल माहीत नव्हतं.

नॉर्वेतल्या तुरीद रुगास या कुत्र्यांच्या प्रशिक्षकांनी अशा खुणांकडे लोकांचं लक्ष वेधलं. जांभई, ओठ चाटणं, मान वळवणं, एकाएकी जमीन हुंगायला लागणं, अंग ओलं नसताना अंग झाडणं. कुत्रं या खुणांमधून सांगत असतं की हे मला जरा जास्त होतंय. शेपूट हलतेय म्हणजे कुत्रं खूश आहे, हेही तेवढंसं खरं नाही. ताठ, उंच धरलेली शेपूट झपझप हलत असेल तर तिचा अर्थ सैलसर, कमरेपासून हलणाऱ्या शेपटीहून निराळा असतो. डोळ्याचा पांढरा भाग कोपऱ्यातून चंद्रकोरीसारखा दिसायला लागला तर त्याच क्षणी उठायचं. मी हे सगळं पाठ केलं. पाठ केलेलं वेळेला आठवतंच असं नाही, ते पुढे येईलच.

मग परीक्षा झाली. मागे धाडकन धातूचा ट्रे पाडला. कुबड्या घेतलेला माणूस मोठ्याने बडबडत, झोकांड्या खात अंगावर आला. व्हीलचेअर शेजारून गेली. तिघाचौघांनी एकदम गराडा घातला आणि बोटं न वळणाऱ्या हाताने थोपटावं तसं कुणीतरी तिला थोपटलं. समोरून दुसरं कुत्रं नेलं. दचकायला हरकत नसते. दचकल्यावर किती वेळात सावरते आणि सावरताना माझ्याकडे बघते का, हे पाहतात. शेवटी परीक्षक म्हणाल्या, "गोधडी पास आहे. तुम्ही मात्र सगळा वेळ त्या कुबड्यांवाल्याकडे बघत होतात. खोलीतल्या माणसांकडे बघायला तिथे डॉक्टर असतात, नर्स असतात, नातेवाईक असतात. गोधडीकडे बघायला तुम्ही एकट्याच आहात."

लोकांसाठी काहीतरी करायला म्हणून मी गेले होते आणि मला दिलेलं पहिलं काम होतं लोकांवरून नजर काढून घेण्याचं. पुढे सहा वर्षं हेच काम सगळ्यात अवघड गेलं. समोर माणूस डोळे पुसत असतो आणि तुम्हाला कुत्र्याच्या कानांकडे बघत राहायचं असतं.

या कामाचा इतिहास शोधायला गेलं की फार मागे जावं लागतं. इंग्लंडमध्ये यॉर्क इथे विल्यम ट्यूक यांनी 1796 मध्ये मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' उघडलं. मनोरुग्णांना साखळदंडात ठेवणं ज्या काळात सर्रास चालत होतं, त्या काळात तिथल्या अंगणांमध्ये ससे आणि कोंबड्या सोडलेल्या असत आणि रुग्ण त्यांच्यात रमत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लिहून ठेवलं आहे की दीर्घ आजारात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला छोटा पाळीव प्राणी ही फार चांगली सोबत असते. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीमध्ये 1944 मध्ये एका अमेरिकन सैनिकाला 4 पौंडांची यॉर्कशायर टेरिअर कुत्री मिळाली. तिचं नाव स्मोकी. तो डेंग्यूने इस्पितळात पडला तेव्हा मित्र स्मोकीला त्याच्याकडे घेऊन आले आणि तिथल्या नर्स तिला जखमी सैनिकांच्या खाटांपाशीही नेऊ लागल्या. थेरपी डॉग म्हटलं की पहिलं नाव बहुधा तिचंच घेतात.

पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती बोरिस लेव्हिन्सन या बालमानसशास्त्रज्ञांची हकिकत. ते न्यूयॉर्कमध्ये काम करायचे. त्यांच्या खोलीत जिंगल्स नावाचा कुत्रा असायचा, पेशंट यायच्या वेळी त्याला बाहेर ठेवायचे. एकदा एक आई आपल्या मुलाला घेऊन ठरलेल्या वेळेच्या फार आधी आली. बरेच उपचार करूनही कुणाशी संबंधच न ठेवणारा मुलगा. दार उघडलं आणि जिंगल्स धावत जाऊन त्याला चाटायला लागला. मुलगा घाबरला नाही, उलट त्याने जिंगल्सला मिठी मारली आणि जाताना 'पुन्हा येऊ का याच्याशी खेळायला' असं विचारलं. लेव्हिन्सन यांनी हा अनुभव 1961 मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडला, 1962 मध्ये त्यावर लेख लिहिला आणि कुत्र्याला 'सह-उपचारक' म्हटलं. परिषदेत काही जण हसले.

या गोष्टीतलं मुलाचं विचारणं सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्याच्या नंतरचं फारसं कुणी सांगत नाही. पुढच्या कितीतरी भेटींत तो मुलगा फक्त जिंगल्सशी खेळत राहिला आणि लेव्हिन्सन यांच्याकडे त्याने पाहिलंही नाही. त्यांनी ते चालू दिलं. आपल्याच खोलीत, आपल्याच पेशंटने आपल्याला 'नको' म्हटलेलं त्यांनी ऐकून घेतलं आणि वाट बघितली. मला यात त्या माणसाचं मोठेपण दिसतं. जिंगल्सने दार उघडलं हे खरंच, पण ते उघडं ठेवलं लेव्हिन्सन यांनी.

प्रत्येक भेट म्हणजे उपचार नव्हे, हेही इथे सांगायला हवं, कारण याची गल्लत फार होते. शुश्रूषागृहात आम्ही जायचो ती खरोखर नुसती भेट. लोकांनी कुरवाळायचं, आपल्या जुन्या कुत्र्यामांजरांच्या आठवणी काढायच्या, तास बरा जायचा. त्याची कुणी नोंद ठेवत नाही. उपचार म्हणायचं तर त्यात त्या विषयातला शिकलेला माणूस लागतो, फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारक, समुपदेशक असा कुणीतरी. त्याने एकेका रुग्णासाठी उद्दिष्ट ठरवलेलं असतं आणि दर वेळी ते मोजून लिहिलेलं असतं. मी आणि गोधडी त्यात त्यांच्या हाताखाली. अंध माणसाला रस्ता दाखवणारा कुत्रा पुन्हा वेगळा. तो एकाच माणसासाठी वर्षानुवर्षं काम करतो आणि सगळीकडे त्याच्याबरोबर जातो. आमच्यासारख्यांना बोलावलं तिथेच जाता येतं.

पुनर्वसन केंद्रात एक काका होते. पक्षाघातानंतर उजवा हात आणि वाचा दोन्ही गेलेली. फिजिओथेरपिस्टने गोधडीचा ब्रश घेतला, त्याच्या मुठीला फोम गुंडाळून ती जाड केली म्हणजे बोटांना धरता यावी, आणि गोधडीला उंच बाकावर उभी केली. उद्दिष्ट होतं खांदा वर उचलला जाण्याचं. मानेपासून शेपटीपर्यंत ब्रश न्यायचा की एक वेळ झाली. पहिल्या दिवशी तीन वेळा झालं, तेही डाव्या हाताने उजवा हात ढकलून. कागदावर तीनचा आकडा लिहिला गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीन. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोनच. काका चिडले, ब्रश टाकून दिला आणि तोंड भिंतीकडे केलं. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, "आज नको? बरं." त्यांनी 'नको' असं लिहून ठेवलं आणि आम्ही निघून आलो.

मला फार वाईट वाटलं होतं. आपण अजून प्रयत्न करायला हवा होता, गोधडीला पुढे करायला हवी होती, असं वाटत राहिलं. पुढच्या वेळी गेलो तर काका आधीच बाकाशी येऊन बसलेले. उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर केलेली. फिजिओथेरपिस्टने माझ्याकडे पाहिलं आणि नुसती बोटाने मनगटाकडे खूण केली. बाहीचं बटण काढलेलं होतं. ते कुणी काढून दिलं, हे फिजिओथेरपिस्टने नर्सला विचारलं. कुणीच नाही. म्हणजे ते त्यांचं त्यांनी काढलं होतं. किती वेळ लागला असेल कोण जाणे. बोलले ते शेवटपर्यंत नाहीत. आकडा मात्र सातपर्यंत गेला, मग अकरापर्यंत, आणि मग ते घरी गेले.

अशा ठिकाणी काय झालं पुढे, असं विचारायचं नसतं. फोटो काढायचे नाहीत, कुणाचा आजार बाहेर बोलायचा नाही, पुढच्या आठवड्यात खाट रिकामी दिसली तर चौकशी करायची नाही. नियम आहे आणि योग्यच आहे. त्याचं ओझं होतं कधीकधी.

नियमांचं म्हणाल तर ते पुष्कळ असतात आणि मला त्यांचा कधी जाच वाटला नाही. भेटीच्या आदल्या संध्याकाळी अंघोळ. नखं कापून कानशीने गुळगुळीत केलेली, कारण म्हाताऱ्या माणसांची कातडी कागदासारखी असते. रेबीजची लस, जंताचं औषध, गोचिडांसाठीचं औषध, सगळ्याची वही. कच्चं मांस खाणारं कुत्रं बऱ्याच संस्था घेतच नाहीत, कारण त्याच्या विष्ठेतून आणि तोंडातून साल्मोनेलासारखे जंतू पसरू शकतात आणि समोरच्या माणसाची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते. खाटेवर कुत्र्याला चढवायचं तर मध्ये स्वच्छ चादर, आणि ती चादर एकाची दुसऱ्याला नाही. जखमा, सलाईनच्या नळ्या यांपासून लांब. तोंड चाटू द्यायचं नाही. हात लावण्याआधी आणि नंतर सगळ्यांनी हात धुवायचे, माझ्यासकट. कुत्रं अंगणात असो, खोलीत असो, दोरी माझ्या हातात, ती खुंटीला अडकवायची नाही. अमेरिकेतल्या पेट पार्टनर्स या जुन्या संस्थेत कुत्र्यांप्रमाणे मांजरं, ससे, गिनीपिग, पक्षी, घोडे, लामा, अगदी उंदीरसुद्धा अशा कामाला घेतात आणि कुठल्याही प्राण्याने दिवसात दोन तासांहून जास्त काम करू नये असा त्यांचा दंडक आहे. गोधडीच्या बाबतीत आम्ही तो वेळ पाऊण तासावर ठेवला होता. त्यानंतर ती घरी येऊन जशी झोपायची ते पाहिलं की पाऊण तासही किती असतो ते कळायचं.

आणि प्रत्येक खाटेपाशी विचारायचं. हा माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठा नियम. 'गोधडी आली आहे, जवळ आणू का?' असं दर वेळी, प्रत्येकाला, उत्तर माहीत असलं तरी.

शुश्रूषागृहात एक आजी होत्या. कायम दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या. पहिल्या दिवशी विचारलं तर म्हणाल्या, "नको." दुसऱ्या आठवड्यात "नको." दोन-तीन महिने हेच. मला वाटलं, बाईंना कुत्र्यांचं भय असणार किंवा आवडत नसतील, उगीच दर वेळी का त्रास द्या. म्हणून एकदा मी त्यांच्याकडे पाहून नुसती हसले आणि पुढे गेले. मागून हाक आली.

"अगं ए, मला नाही विचारलंस?"

मी परत आले. गोधडीला थोडं लांब बसवलं आणि विचारलं, "आजी, आणू का जवळ?"

"नको," त्या म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनीच पुढे सांगितलं. "दिवसभर मला इथे कुणी काही विचारत नाही. गोळी घ्यायची म्हणजे घ्यायची. अंघोळ आत्ता म्हणजे आत्ता. सुई टोचतात तेव्हा 'टोचू का' म्हणतात, पण ते काही विचारणं नव्हे. तू एकटी येऊन विचारतेस आणि नको म्हटलं तर खरंच जातेस. म्हणून म्हणते."

त्यानंतर मी त्यांना विचारायला एकदाही विसरले नाही. त्या एकदाही 'हो' म्हणाल्या नाहीत. गोधडीचं नाव त्यांना ठाऊक होतं, ती मागच्या पायाने जरा अडखळतेय हे माझ्याआधी त्यांनी टिपलं होतं. पण हात त्यांनी तिला कधीच लावला नाही. आमच्या भेटींचा अहवाल द्यावा लागायचा, त्यात 'किती जणांना लाभ झाला' असा एक रकाना असायचा. आजींना मी त्यात दर वेळी धरलं.

माणसाच्या 'नको'चा मान राखायला मी अशी शिकले होते. तरीही जी चूक करायला नको होती, ती मी केलीच. तिसऱ्या वर्षी आमच्या गटातलं एक कुत्रं आजारी पडलं आणि त्याच्या भेटी मी अंगावर घेतल्या. एका आठवड्यात तीन. तिसऱ्या दिवशी शाळेत जायचं होतं. मुलं गोधडीला वाचून दाखवायची. कुत्र्यांना वाचून दाखवण्याचा हा प्रयोग 1999 मध्ये अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमध्ये सुरू झाला आणि तिथून बराच पसरला. अडखळत वाचणाऱ्या मुलाला कुत्र्यापुढे लाज वाटत नाही, असा त्यामागचा विचार. आमच्या शाळेतल्या एका मुलाने गोधडीचे डोळे मिटलेले पाहिले की तिने ऐकलं नाही असं ठरवून तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचायचं, असा शिरस्ता ठेवला होता. एकदा त्याने एक पान चार वेळा वाचलं. त्या मुलांना नाराज करायचं माझ्या जिवावर आलं होतं.

त्या सकाळी मी रुमाल धरून बसले. गोधडी उठली, दोन पावलं आली आणि थांबली. जांभई दिली. मी घड्याळाकडे पाहिलं. मग मीच पुढे होऊन रुमाल तिच्या डोक्यावरून खाली ओढला.

शाळेत पहिला अर्धा तास नीट गेला असं मला वाटलं. बाकीचं मला नंतर वर्गातल्या बाईंनी सांगितलं तेव्हा आठवलं. ती तीनदा ओठ चाटत होती, दाराकडे तोंड करून बसली होती. मी एका मुलीचं वाचन ऐकण्यात रंगून गेले होते. पाठीमागून एक मुलगा आला आणि त्याने तिच्या मानेला मिठी घातली. गोधडी ताठ झाली आणि गुरगुरली. खोल, छोटंसं, एकदाच. बाईंनी शांतपणे त्याचे हात सोडवून त्याला दूर नेलं. त्याला काहीही झालं नाही, तो घाबरलाही नाही. मी घाबरले.

परतीच्या वाटेवर मी गोधडीला रागावले नाही, एवढंच त्या दिवशी माझ्या हातून बरोबर झालं. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला शिक्षा केली तर ते गुरगुरायचं सोडतं, पण त्याला जे नको असतं ते नकोच राहतं. मग पुढच्या वेळी इशारा न देता थेट दात लागतात. गुरगुरणं हे कुत्र्याचं मोठ्याने म्हटलेलं 'नको' असतं. हळू आवाजातलं तिने सकाळीच म्हटलं होतं, जांभई देऊन. मी ऐकलं होतं, आणि तरी रुमाल ओढला होता. झाल्या प्रकाराचा अहवाल मी लिहून दिला, दोन महिने घरी बसलो आणि पुन्हा परीक्षा दिली. त्या दोन महिन्यांत मी रुमाल रोज धरायचे. निघायचं कुठेच नसायचं, नुसता धरायचा. ती आली तरी शाबासकी, नाही आली तरी रुमाल घडी करून ठेवायचा. तिला खात्री वाटेपर्यंत बरेच दिवस गेले. माझ्यावर.

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडे जोफी नावाची चाऊ जातीची कुत्री होती, ती रुग्ण आले तरी खोलीतच बसायची. फ्रॉइड यांच्या मुलाने लिहून ठेवलंय की वडिलांना घड्याळ बघावं लागत नसे. जोफी उठून जांभई द्यायची आणि तास संपल्याचं कळायचं. ही आठवण लोक कौतुकाने सांगतात. मला ती वाचताना आता जांभईच ऐकू येते. निदान तिच्या जांभईला त्या खोलीत किंमत होती.

मला बरेच जण विचारतात, आमचं कुत्रं फार प्रेमळ आहे, आम्हीही येऊ का? जरूर या, असं मी मनापासून म्हणते, कारण येणारे कमी पडतात आणि वाट बघणारे खूप आहेत. पण मग मी तोच प्रश्न विचारते, लावू देतं की लावून घ्यायला जातं? घरच्यांवर जीव टाकणं आणि अनोळखी माणसाच्या वासात, औषधांच्या वासात, चकचकीत फरशीवर बरं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानमधल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, आईला आणि बाळाला जोडणारं तेच रसायन. ते होतं आपल्या माणसाशी. अनोळखी माणसाने टक लावून डोळ्यांत पाहिलं तर कित्येक कुत्र्यांना तो धाक वाटतो. घरातली माया तशीच्या तशी उचलून वॉर्डात नेता येत नाही. तुमच्या कुत्र्याला या कामात आनंद नसेल तर त्यात त्याचा काही दोष नाही. ते तुमच्या पायाशी घरी झोपलेलं बरं. तुम्ही एकटे या, वाचून दाखवायला, पत्ते खेळायला. तुमचं स्वागतच होईल.

गोधडीला आनंद होता. हे मी तिच्या वतीने सांगते आहे, तेव्हा जपून सांगते. पुनर्वसन केंद्राच्या फाटकाशी ती दोरी ताणायची, काकांच्या बाकाकडे मला ओढत न्यायची. व्हीलचेअरच्या पायटेकूवर हनुवटी ठेवायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. आणि भेट संपल्यावर कितीतरी वेळा ती उठायलाच तयार नसायची.

नवव्या वर्षी तिच्या मागच्या पायातलं अडखळणं वाढलं. पशुवैद्यांनी सांध्यांची झीज सांगितली, गोळ्या दिल्या, दुखणं आटोक्यात आलं. आम्ही उंच बाक बंद केला, जिने टाळले, भेट अर्ध्या तासावर आणली. त्यानंतरच्या एका सकाळी मी रुमाल धरून बसले. ती उठली, आली, रुमाल नीट हुंगला. मग माझ्या हाताच्या बाजूने वळून गेली आणि टेबलाखाली जाऊन बसली. रागाने नाही, घाबरून नाही. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात ती उठलीच नाही, नुसती शेपूट दोनदा जमिनीवर आपटली.

शुश्रूषागृहात सांगायला मी एकटीच गेले. दारातून आत शिरताना डावा हात सवयीने दोरी धरल्यासारखा कमरेशी होता. आजी खुर्चीत होत्या. त्यांनी माझ्या पायांशी पाहिलं, माझ्या मागे पाहिलं.

"ती कुठाय?"

"नको म्हणाली, आजी."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"म्हणू दे," असं म्हणून त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची आपली शाल उचलून मांडीवर घेतली. "तू बसतेस का? की तुलाही नको?"

मी बसले.